चार मिनिटं तरंगलेली टायटॅनिक

रत्नदीप ओव्हाळला टायटॅनिकचा पहिला राग आला तो जेवताना.

त्याची मुलगी प्रियदर्शिनी, घरात दर्शू, नववीत होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं आणि तिच्या वर्गातल्या किमयानं मिळून टायटॅनिक घेतलं होतं. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ती आईला सांगत होती, की जहाजाच्या पोटात सोळा कप्पे होते, पुढचे पाच-सहा फुटले आणि दोन तास चाळीस मिनिटांत सगळं जहाज तळाला गेलं. सांगण्याला रत्नदीपची काही हरकत नव्हती. हरकत होती ती सुरुवातीला. दर वाक्याची सुरुवात ‘पियूषकाका म्हणतात’ अशी होती. त्या एका जेवणात ते सात वेळा आलं. रत्नदीपनं मोजलं.

पियूष वानखडे म्हणजे किमयाचे वडील. मूळचे अकोल्याचे, हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत, दोन वर्षांपूर्वी कासार आंबोलीला बंगला घेऊन राहायला आलेले. माणूस वाईट नव्हता, हीच खरी अडचण होती. दर्शूला घ्यायला रत्नदीप गेला की ते स्वतः फाटकापर्यंत येत, ‘या भाऊ’ म्हणत, पाणी विचारत. अशा माणसाचा राग करायला काही कारण सापडत नाही, आणि कारण नसलेला राग आतल्या आत वाढत जातो.

“आमच्या टाकीत बी अशाच आडव्या भिंती असत्यात,” रत्नदीप त्या दिवशी म्हणाला. “बॅफल म्हणत्यात त्याला.”

“ते वेगळं, पप्पा,” दर्शू म्हणाली. “ते डिझेलचं असतं.”

तिनं भाकरी मोडली आणि पुन्हा आईकडे वळली. रत्नदीप अकरा वर्षं उरवड्याच्या एका कारखान्यात होता. तिथं ट्रकच्या डिझेल टाक्या बनत. त्यातली शेवटची सहा वर्षं तो लीक टेस्टिंगला. तयार टाकीत हवा भरायची, ती पाण्याच्या हौदात दाबून धरायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. जिथून येईल तिथं खडूची खूण करायची आणि टाकी परत वेल्डिंगला पाठवायची. पाणी कुठून शिरतं आणि कुठं अडतं, हे त्याच्याइतकं नेमकं सांगणारं त्या कारखान्यात दुसरं कुणी नव्हतं. दर्शू लहान असताना सगळं त्यालाच विचारायची. नळ का गुरगुरतो, कुकरची शिट्टी का वाजते, विहिरीवरची मोटर पाणी का सोडते. आताशा विचारणं बंद झालं होतं, आणि ते नेमकं कोणत्या दिवशी बंद झालं हे त्याला आठवत नव्हतं.

जहाज मात्र झकास झालं होतं. अडीच फूट लांब, पारदर्शक ॲक्रिलिकचं, म्हणजे पोटातलं पाणी बाहेरून दिसावं. आत आठ कप्पे. पुढच्या तीन कप्प्यांच्या बुडाला भोकं आणि त्यांत रबराची बुचं, बाहेरून दोरीनं ओढायची. रविवारी वानखड्यांनी घरातली माशांची काचेची टाकी रिकामी केली, मासे बादलीत सोडले आणि जहाजाची चाचणी घेतली. वरचं झाकण, म्हणजे डेक, तेव्हा बसवलेला नव्हता. बुचं ओढली, नाक खाली गेलं, पाणी एका भिंतीवरून दुसरीकडे, दुसरीवरून तिसरीकडे सांडत गेलं आणि जहाज शेपूट वर करून बुडालं. दर्शूनं मोबाइलवर त्याचं चित्रण आणलं होतं. रत्नदीपनं ते चार वेळा बघितलं. चारही वेळा तो चूक शोधत होता. सापडली नाही.

“कसलं भारी ना?” दर्शू म्हणाली.

“हाय की,” तो म्हणाला.

गुरुवारी पहिली पाळी संपवून तो तिला आणायला कासार आंबोलीला गेला. अंगणात टेबल मांडलं होतं. वानखडे अर्ध्या चड्डीत, हातात सिलिकॉनची पिचकारी घेऊन जहाजाचा डेक चिकटवत होते. किमया डेक दाबून धरत होती, दर्शू जुन्या बनियनच्या फडक्यानं कडा पुसत होती. सिलिकॉनची रेघ एकसारखी पडत होती. कुठं जाड नाही, कुठं तुटलेली नाही. दहा वर्षं काम केलेल्या माणसाची पडावी तशी. रत्नदीपला ते बघून बरं वाटलं नाही.

मग त्याच्या लक्षात आलं, की रेघ फक्त कडेनं नाही. आतल्या प्रत्येक भिंतीच्या माथ्यावरही सिलिकॉन आहे. डेक त्यावर बसला की आठही कप्पे वरून बंद. पाण्याला एका कप्प्यातून दुसऱ्यात सांडायला वाट नाही, आणि आतल्या हवेला बाहेर पडायला जागा नाही. हे जहाज नाक थोडं खाली घालेल आणि तसंच राहील. ते बुडणार नाही. खरं जहाज बुडालं, कारण त्याच्या भिंती माथ्यापर्यंत पोचलेल्या नव्हत्या. वानखड्यांनी नीटनेटकेपणाच्या हौसेनं त्या पोचवल्या होत्या.

“पुन्हा पाण्यात सोडून बघितलं काय, सर?” हे वाक्य त्याच्या ओठापर्यंत आलं. कारखान्यात तो नियमच होता. चाचणी झालेल्या टाकीला नंतर कुणी साधा ठिपका जरी मारला, तरी चाचणी पहिल्यापासून.

वानखडेच बोलले. “आता डायरेक्ट परवा, भाऊ. पाण्यात घातलं तर स्टिकर जातील. टेस्ट रविवारी झालीच आहे.”

“व्हय, व्हय,” रत्नदीप म्हणाला.

तेवढ्यात त्याची नजर भिंतीला टेकवून ठेवलेल्या फलकाकडे गेली. निळ्या कागदावर पांढऱ्या अक्षरात प्रकल्पाचं नाव, खाली दोघींची नावं, त्याखाली ‘मार्गदर्शक : श्री. पियूष वानखडे’. अक्षर दर्शूचं होतं. ‘श्री’ची वेलांटी ती लांब काढून शेवटी वर वळवायची, पहिलीपासून. ते वळण त्यानंच तिला पाटीवर शिकवलं होतं.

तोंडाशी आलेलं त्यानं गिळलं.

निघताना दर्शूनं विचारलं, “पप्पा, कसं झालंय? खरं सांगा.”

“झकास झालंय,” तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं दयानंदला सांगितलं. दयानंद शेजारच्या हौदावर होता आणि डबा नेहमी याच्याच शेजारी बसून खायचा.

“बुडणार न्हाई ते,” रत्नदीप म्हणाला. “इतका शिकलेला माणूस. डेक चिकटवून चाचणीच न्हाई.”

“मग सांगितलंस का?”

“मला कुणी इचारलं का?”

“वा रं! अन् तितं उभं कोण ऱ्हाणार? तो का तुजी पोर?”

“म्हणून तर जाणार हाय मी. खिशात ब्लेड घिऊन. अर्ध्या मिन्टात सिलिकॉन कापून डेक उचलतो की न्हाई बग.”

दयानंदनं चटणी बोटानं पुसली. “म्हंजी आदी आग लागू द्यायची अन् मग बंब घिऊन पळायचं. लई शाना हायेस.”

रत्नदीप हसला. दयानंद हसला नाही.

जाडं सिलिकॉन सोलायला कारखान्यात लोखंड कापायच्या तुटक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा वापरत, एका टोकाला चिंधी गुंडाळलेला. एक नुसता तुकडा त्यानं सुटताना खिशात घातला. घरी आल्यावर बायकोकडे, वैशालीकडे, चिंधी मागितली. तिनं उशीचा फाटलेला अभ्रा काढून दिला, निळ्या फुलांचा. तिनं विचारलं, “आज लई खुशीत दिसताय?” तो म्हणाला, “उगाच.” आतल्या खोलीत दर्शू भाषण पाठ करत होती.

“त्या दिवशी बर्फाच्या सूचना अनेक आल्या होत्या. त्यातली एक जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही...”

ती अडखळली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. रत्नदीप ब्लेडला अभ्र्याची पट्टी गुंडाळत राहिला. ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. ऐकलं, आणि गाठ मारली.

शनिवारी पिरंगुटच्या शाळेत वरच्या सभागृहात प्रदर्शन मांडलं होतं. ज्वालामुखी तीन, पवनचक्क्या पाच, टायटॅनिक एकच. सव्वाअकरा वाजता परीक्षक त्या टेबलापाशी आले. पौडचे निवृत्त विज्ञान शिक्षक, हातात फाइल, मनगटावर जुनं घड्याळ. बरोबर विज्ञानाच्या अपूर्वा मॅडम. भोवती पन्नासेक मुलं आणि पालक. वानखडे आणि त्यांची बायको मेधा टेबलाच्या डाव्या अंगाला, अगदी पुढे. रत्नदीप दाराजवळच्या खांबामागे. शर्टाच्या खिशात हात घालून.

दर्शू छान बोलली. आकडे बरोबर, आवाज खणखणीत. मग किमयानं काचेच्या टाकीतल्या जहाजाची दोरी ओढली. तीन बुचं निघाली, भोकांतून थोडं पाणी आत आलं आणि नाक जरा खाली गेलं.

“आता पाणी तिसऱ्या भिंतीवरून चौथ्या कप्प्यात सांडेल,” दर्शू म्हणाली.

पाणी बुडाशीच जरासं चढलं आणि थांबलं. जहाज नाक किंचित खाली घालून, शेपूट किंचित वर करून, शांत तरंगत राहिलं.

“आता पाणी तिसऱ्या भिंतीवरून...” ती पुन्हा म्हणाली.

मागच्या रांगेतून एक आवाज आला, “टायटॅनिक पास झाली!” हशा पिकला. दुसरा म्हणाला, “कप्तानाला म्हणावं, चहा पिऊन जा.” अपूर्वा मॅडमनी डोळे वटारले, पण त्यांच्याही ओठाचा कोपरा हलला होता. किमयानं बोटानं नाक दाबलं. जहाज खाली गेलं आणि बोट काढल्याबरोबर डुबकन वर आलं. आता तर शिक्षकही हसले.

रत्नदीपच्या अंगावरून एक गोड शिरशिरी गेली. पियूष वानखडे वाकले होते. कपाळावर घाम, चष्मा टाकीच्या काचेला टेकलेला. “वन सेकंद, सर. एअर लॉक झालं असेल काहीतरी.” त्यांनी जहाज हलवलं, तिरकं केलं. मगानं डेकवर पाणी ओतलं. पाणी ओघळून टाकीत पडलं. पहिलं मिनिट गेलं. रत्नदीपनं ठरवलं होतं, लगेच पुढे व्हायचं. पण ह्या माणसाचं आणखी थोडं होऊ दे, असं त्याला वाटलं. त्याला स्वतःला कळू दे, की आपल्याला कळत नाही.

आणि दुसरंही एक होतं. दर्शू बघत होती ती वानखड्यांकडे. एकदा, दोनदा, तीनदा. काका, काय करू, अशा नजरेनं. तिनं एकदा जरी मान वळवून आपल्या बापाला शोधलं असतं, तर रत्नदीप त्याच क्षणी गेला असता. निदान त्याची तशी समजूत होती. ती वळली नाही. तो थांबला. दुसरं मिनिट गेलं, तिसरं गेलं. दर्शूनं तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं आणि अर्ध्यातच तिचा आवाज फाटला. परीक्षकांनी घड्याळ बघितलं, फाइल मिटली, म्हणाले, “ठीक आहे बाळा, प्रयत्न चांगला होता.” तेव्हा चौथं मिनिट संपत होतं.

“थांबा सर,” रत्नदीप म्हणाला.

तो गर्दीतून पुढे आला. जहाज टाकीतून उचललं, पाणी काढलं, टेबलावर आडवं धरलं. ब्लेड कडेच्या रेघेत घातलं आणि एका दमात नाकापासून शेपटीपर्यंत ओढलं. दुसरी बाजू. मग पातं सपाट करून आत सरकवलं आणि भिंतींचे माथे एकेक सोडवले. “हे धर,” म्हणून ब्लेड दर्शूच्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी डेक अलगद उचलला. बुचं लावून जहाज पाण्यात सोडलं.

“आता वढ,” तो किमयाला म्हणाला.

या वेळी पाणी भिंतीवरून सांडलं. चौथ्या कप्प्यात, पाचव्यात, सहाव्यात. शेपूट वर आलं, क्षणभर उभं राहिलं आणि जहाज तळाला टेकलं. सभागृहात टाळ्या झाल्या. परीक्षकांनी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?” रत्नदीपनं बॅफलचं सांगितलं, हौदाचं सांगितलं, बुडबुड्याचं सांगितलं. परीक्षकांनी फाइल पुन्हा उघडली. वानखड्यांनी त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. “भाऊ, वाचवलंत. मी केवढा गाढव!” ते मनापासून म्हणाले.

रत्नदीपनं त्यांच्या खांद्यावरून दर्शूकडे बघितलं. हाच क्षण तर त्याला हवा होता. दर्शू मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. ती हातातल्या ब्लेडकडे बघत होती. अंगठ्यानं तिनं चिंधीची घडी थोडी उलगडली. निळी फुलं दिसली.

दुपारी निकाल लागला. प्रकल्पाला दुसरा क्रमांक आणि तालुक्याच्या प्रदर्शनासाठी निवड. घरी जाताना उरवड्याचा फाटा आला. दर्शू मागूनच म्हणाली, “गाडी थांबवा.”

त्यानं थांबवली.

“ब्लेड कधी बनवलं?”

“कंपनीत असतंच की ते.”

“अभ्रा घरचा आहे.”

एक मालट्रक धूळ उडवत गेला. त्यानं पेट्रोलच्या टाकीवरची धूळ हातानं पुसली.

“तुम्हाला गुरुवारीच दिसलं होतं ना?”

“व्हय.”

“मग सांगितलं का नाही?”

“मला कोण इचारतंय? सगळं तर काका म्हणत्यात.”

“मी विचारलं होतं. निघताना. खरं सांगा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, झकास.”

रत्नदीप आरशाकडे बघत राहिला. आरशात तिचा खांदा आणि दप्तराचा पट्टा एवढंच दिसत होतं. “तू माझ्याकडं बघितलं बी न्हाईस तितं,” तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला कळलं, की हे चौदा वर्षांच्या मुलीला म्हणायचं वाक्य नव्हतं.

“कसं बघणार? तुम्ही खांबामागं होतात,” दर्शू म्हणाली. “मी आल्या आल्या शोधलं तुम्हाला. मम्मीला कामावरून सुटी नव्हती, म्हटलं पप्पा पण आले नाहीत वाटतं.” तिचा आवाज चढला नाही, आणि तेच त्याला जड गेलं. “हसले सगळे, ते काकांना नाही हसले. मला हसले. चार मिनिटं. तुम्ही ऐकत होतात.”

“दर्शे...”

“चला आता. ऊन लागतंय.”

घरी तिनं आईला बक्षिसाचं सांगितलं, ब्लेडचं सांगितलं नाही. वैशालीनं गोड शिरा केला. बापलेकींनी तो एकाच पंगतीत बसून खाल्ला आणि दोघंही वैशालीशीच बोलली. संध्याकाळी वानखड्यांचा फोन आला. तालुक्यासाठी डेक नव्यानं करायचा, भाऊ तुम्ही हवेतच. रत्नदीपनं फोन ठेवला आणि दबकत विचारलं, “काकांना काय बोललीस का तू?”

“मी कशाला बोलू? तुमचं तुम्ही बोला.”

रविवारी सकाळी दोघं कासार आंबोलीला गेली. मेधानं अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. वानखडे रात्रीतून काहीतरी शोधून बसले होते. डेकच्या कडेला त्यांनी नखाएवढी लोहचुंबकं बसवली होती. डेक टक् करून बसायचा, टक् करून निघायचा. सिलिकॉन नको, ब्लेड नको. भिंतींच्या माथ्यावर आता बोटभर मोकळी जागा होती.

“कसं वाटतंय, भाऊ?”

फार चांगलं वाटत होतं. रत्नदीपला हे सुचलं नसतं, अकरा वर्षांत कारखान्यात कुणाला सुचलं नव्हतं. कालच्या टाळ्या एका टक् आवाजात जुन्या झाल्या. आणि नेमकं तेव्हाच त्याला दिसलं, की तिसऱ्या बुचाची दोरी कडेवरून वर येताना डेकच्या खालून गेली आहे. चुंबक बसलं की ती चिमटली जाणार. दोरी ओढली तर दोन बुचं निघतील, तिसरं अडकेल. जहाज पुन्हा बुडायला कां-कूं करेल. तालुक्याला. सगळ्यांसमोर.

कुणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. वानखडे कौतुकानं डेक काढत होते, लावत होते. किमया हसत होती. रत्नदीप ते बघत राहिला. दोन सेकंद गेले असतील, तीन गेले असतील. त्यानं मान वर केली. दर्शू समोर उभी होती. ती जहाजाकडे बघत नव्हती. त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“सर,” तो म्हणाला, “ती दोरी दबतीय. तिसऱ्या बुचाची.”

“अरे हो की!” वानखड्यांनी डेक उचलला. “बरं झालं सांगितलंत.”

“अन् गुरुवारचं बी दिसलं हुतं मला. तुमी चिकटवत हुता तवाच. बोललो न्हाई.”

वानखड्यांचा हात थांबला. किमयानं आधी वडिलांकडे आणि मग दर्शूकडे बघितलं.

“का?”

उत्तर होतं. दोन मुलींसमोर ते देता येण्यासारखं नव्हतं, आणि एकट्यातही त्याला ते नीट सांगता आलं असतं असं नाही. तो टेबलाच्या कडेवरची वाळलेली सिलिकॉनची गुठळी नखानं खरवडत राहिला.

“तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं,” वानखडे म्हणाले. त्यात ‘भाऊ’ नव्हतं. मेधाला त्यांनी चहा टाकायला सांगितला, पण हाक मारताना ते रत्नदीपकडे बघत नव्हते.

दर्शूनं दोरी डेकखालून ओढून मोकळी केली. ती कुठून न्यावी याचा तिनं थोडा विचार केला, मग नाकापाशी पेन्सिलनं एक खूण केली.

“इथं भोक पाडायचं,” ती म्हणाली. “पप्पा, तुम्ही धरा.”

त्यानं दोन्ही हातांनी जहाज धरलं. ड्रिल वानखड्यांच्या हातात होतं.